पहिल्या अध्यायातलं क्रियापद

भायखळ्याला, मिशन शाळेच्या माडीवर,
दर गुरुवारी चार ते सात
आम्ही एकाच वचनात अडकलेलो.
सात आठवडे. दुसऱ्याच वचनात.
अख्खा जुना करार पुढे पडलेला
आणि चहाचं अनुदान संपत आलेलं.

मी इतिवृत्त लिहायची.
सहावा महिना, वही पोटावरच टेकवलेली.

अंधार ठरला होता. खोल पाणी ठरलं होतं.
प्रश्न एवढाच, की देवाचा आत्मा त्या पाण्यावर
नेमकं काय करत होता.

"तरंगत होता," रेव्हरंड मकासरे म्हणाले.
नगरकडचा त्यांचा ठाम त.
"आजोबांपासून मंडळी हेच ऐकते आहे."
फादर कोलासोंनी चष्मा पुसला.
"तरंगतो तो ओंडका, रेव्हरंड.
मूळ क्रियापदाला पंख आहेत.
मोशेच्या गीतात गरुडीण पिल्लांवर हेच करते.
आणि रूप स्त्रीलिंगी आहे, तेही लिहून घ्या."
"मग घिरट्या घालत होती म्हणू?"
हेप्सिबाबाई केदारी खिडकीबाहेर बघत होत्या,
राणीबागेवरच्या घारींकडे.
"पण घिरट्या घालणारं पाखरू
खाली काहीतरी मरायची वाट बघत असतं."
मग यिर्मया काढला. तिथे हाच धातू हाडांना लागतो;
संदेष्ट्याची हाडं थरथरतात.
ते बाजूला ठेवलं.
हाडांचं काय करायचं, कुणाला सुचेना.

हनोख वाकरूळकर तोवर गप्प.
गोदीतून निवृत्त, नागपाड्याच्या सिनेगॉगमधले,
उच्चारापुरते बोलावलेले.
त्यांनी वचन एकदा मुळातून म्हटलं,
घशातल्या खरखरीसकट,
आणि मग पेणकडच्या मराठीत:
"आमच्याकडे कोंबडी खुडूक बसायची.
लहानपणी हात घालून बघितलाय मी तिच्याखाली.
ती अंड्यांवर बसत नाही हो.
बसल्यासारखी असते. भार आपल्या पायांवर तोलते,
ऊब तेवढी खाली सोडते."

कुणीतरी हसलं. बहुधा मीच.
मकासरे उठलेच. "परमेश्वराला खुडूक म्हणायचं?
वाचून दाखवा तुम्ही रविवारी, सगळ्यांसमोर!"
मतदान झालं. दोनास एक.
केदारीबाई दमल्या होत्या.
वाकरूळकरांना मत नव्हतं.
"तरंगत होता": मंजूर. मी सह्या घेतल्या.

मुलगी बारा आठवडे आधी आली.
नऊशे ऐंशी ग्रॅम.
परळच्या वाडियात, काचेच्या उबवणीपेटीत.
इतक्यात हात लावायचा नाही, सिस्टरनं बजावलेलं.
मी पेटीवर तळवा धरून उभी राहायची.
काचेलाही टेकवत नसे, डाग पडतो म्हणून.

एका दुपारी मकासरे आले, बसने, डब्यात पेज घेऊन.
प्रार्थना करतील असं वाटलं. केली नाही.
पेटीवर त्यांनी हात धरला, चार बोटं वर.
म्हातारपणाचा कंप त्याला, थेट हाडातून आलेला.
मला यिर्मया आठवला, पण बोलले नाही.
किती वेळ ते तसेच. पेज निवली.
जाताना एवढंच विचारलं,
"त्या गृहस्थांचा पत्ता आहे का गं तुझ्याकडे?
पेणकडचे ते."

पुस्तक छापून आलं तेव्हा लेक धावायला लागलेली.
वर अजून "तरंगत होता" आहे. ठराव तो ठराव.
खाली, भिंग लागेल अशा टायपात, एक तळटीप:
किंवा, पाखर घालून होती.

प्रुफं माझ्याकडे आहेत.
"होती"वर मुद्रितशोधकाची लाल खूण,
आणि समासात मकासऱ्यांचं अक्षर, वाकडं, हललेलं:
राहू दे.